परमुलखातील एकटा स्वार

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाळूज हे गाव लागते. १९८५ साली या परिसरात बजाज कंपनीचा मोठा कारखाना सुरू झाला आणि आजूबाजूची शेतजमीन पाहता पाहता उद्योगनगरी बनली. या कंपनीच्या दुचाकी सत्तरांहून अधिक देशांत जातात. आफ्रिकेतील युगांडा देशात भाड्याने माणसे वाहून नेणाऱ्या मोटारसायकलीला ‘बोडा-बोडा’ म्हणतात. कंपाला शहराच्या रस्त्यावर अशा गाड्यांची रांग उभी असते, तेव्हा तिच्यात मराठवाड्याच्या मातीवर जोडल्या गेलेल्या गाड्याही असतात.

या गाड्या तेथे कशा पोहोचतात? खोक्यात बंद होऊन, जहाजात बसून. कागदपत्रांचे काम कारखाना करतो, कर तेथील व्यापारी भरतो आणि गाडी निमूटपणे समुद्र ओलांडते. परंतु याच शहरातील एखादा मनुष्य तशाच गाडीवर स्वार झाला, तिच्या पाटीवर ‘एमएच २०’ हा आपल्या जिल्ह्याचा क्रमांक असला, आणि तो एकटाच परदेशाच्या सीमेवर जाऊन उभा राहिला, तर मात्र प्रश्नांचा पाऊस पडतो. तू कोण? ही गाडी कोणाची? ती येथे विकणार तर नाहीस? तुझ्यामुळे आमच्या माणसाला इजा झाली, तर भरपाई कोण देणार? माल म्हणून जाणारी गाडी कोणाला खटकत नाही. स्वारासह जाणाऱ्या गाडीला प्रत्येक वेशीवर आपली ओळख नव्याने पटवून द्यावी लागते.

वेस आणि दरवाजा या गोष्टी संभाजीनगरच्या मुलांना परक्या नाहीत. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मक्का दरवाजा ही नावेच सांगतात, की येथून निघालेली वाट कोठे जाते. मक्केची वाट तर समुद्रापलीकडची! सतराव्या शतकात या शहरातून परदेशी प्रवाशांची ये-जा असे. झां द तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी १६६६ साली सुरतेहून निघून येथे आला, वेरूळची लेणी पाहून त्याने त्यांचे वर्णन लिहिले आणि पुढे गोवळकोंड्याकडे गेला. मायदेशी परतत असताना १६६७ साली इराणमधील मियाना येथे त्याचा अंत झाला. त्या काळी प्रवाशाजवळ सरकारी दस्तक, म्हणजे वाटेचा परवाना असला, तर चौकीवरचा त्रास कमी होई. आजच्या दुचाकीस्वाराची कागदपत्रे ही त्या दस्तकाचीच वाढलेली वंशावळ होय.

त्यांतील पहिली दोन सर्वांना ठाऊक असतात. पारपत्र हे आपल्या सरकारने दिलेले ओळखपत्र. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाने दिलेली प्रवेशाची अनुमती. तिसरे म्हणजे वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना. तो आपल्याच जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात मिळतो आणि एक वर्ष चालतो. वाहतुकीसंबंधी १९४९ साली जिनिव्हा येथे झालेल्या कराराने अशा परवान्याला अनेक देशांत मान्यता मिळाली. गाडीच्या मागे पांढऱ्या लंबगोलात देशाची खूण लावण्याची रीतही त्याच करारातील आहे; भारताची खूण ‘आयएनडी’ ही तीन इंग्रजी अक्षरे.

खरी परीक्षा चौथ्या कागदाची. त्याला ‘कार्नेट’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा साधा अर्थ वही असा आहे. ही वही का लागते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सीमेवरील बहुतेक कटकटींचे मूळ येथेच आहे.

प्रत्येक देश बाहेरून येणाऱ्या वाहनावर सीमाशुल्क घेतो. काही देशांत हे शुल्क गाडीच्या किमतीहूनही अधिक असते. समजा, एखादा प्रवासी गाडीवर बसून आत आला, त्याने ती गुपचूप विकली आणि स्वतः विमानाने घरी गेला, तर त्या देशाचा कर बुडाला. म्हणून सीमेवरचा अधिकारी म्हणतो, “कर भर, मग आत जा.” परंतु पंधरा देशांतून जाणाऱ्याने पंधरा वेळा कर भरायचा, तर त्याला घरदारच विकावे लागेल! यावर तोड म्हणून ही वही निघाली. आपल्या देशात मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन या १९१९ साली स्थापन झालेल्या संस्थेकडून ती मिळते. वही घेताना प्रवाशाला बँकेची हमी द्यावी लागते, म्हणजे मोठी रक्कम अडकवून ठेवावी लागते. “हा मनुष्य गाडी परत घेऊन जाईल, न नेल्यास तुमचा कर आम्ही चुकता करू,” असे ती वही परमुलखातील अधिकाऱ्याला सांगते.

वहीच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना अधिकारी एक भाग फाडून घेतो आणि स्थळप्रतीवर शिक्का मारतो. देश सोडताना दुसरा भाग फाडला जातो आणि त्याच स्थळप्रतीवर दुसरा शिक्का बसतो. आत आल्याचा एक आणि बाहेर गेल्याचा एक, असे दोन्ही शिक्के जुळले, म्हणजे त्या देशाचे देणे फिटले. बाहेर पडतानाचा शिक्का घ्यायचे राहिले, तर गाडी प्रत्यक्षात शेकडो मैल दूर गेली असली, तरी कागदावर ती त्याच देशात अडकून राहते आणि कराची मागणी महिन्यांनंतरही घरी येऊन थडकू शकते. म्हणून अनुभवी प्रवासी पावसात भिजत असला, भुकेने व्याकुळ झालेला असला, तरी शिक्का नीट उमटला आहे की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकी सोडत नाही. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक आणि वहीतील क्रमांक यांत एका अंकाचा फरक निघाला, तरी खोळंबा होतो. सीमेवर सर्वांत जास्त वेळ जातो तो हा चिखलाने माखलेला क्रमांक पुसून दाखवण्यात.

सगळेच देश ही वही मागत नाहीत. मध्य आशियातील देशांत आणि रशियात सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात. त्यावर गाडी बाहेर नेण्याची अखेरची तारीख असते. ती उलटून चालत नाही. युरोपात कराची कटकट कमी, पण विम्याचा आग्रह फार. तेथील विम्याच्या दाखल्याला ‘हिरवे कार्ड’ म्हणतात. १९५३ पासून ही पद्धत सुरू आहे. २०२० पासून हे कार्ड पांढऱ्या कागदावरही छापता येते, तरी नाव हिरवेच राहिले आहे.

आता वाटेचा विचार करू. नकाशावर भारतातून चहूकडे रस्ते जाताना दिसतात. पण नकाशावरील रस्ता आणि खुला रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पश्चिमेकडे पंजाबातून पाकिस्तानात जाणारा जुना मार्ग आहे. तेथील अटारीची चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद करण्यात आली. पूर्वेकडे मणिपुरातील मोरे गावापलीकडे म्यानमार लागतो. २०२१ पासून तो देश यादवीने होरपळला आहे. राहता राहिला उत्तरेचा मार्ग. नेपाळमध्ये भारतीयाला व्हिसा लागत नाही, गाडीसाठी मात्र ‘भन्सार’ नावाचे सीमाशुल्क भरून पावती घ्यावी लागते. नेपाळपलीकडे हिमालय ओलांडला, की तिबेट. तेथे परदेशी मनुष्याला मनाला येईल तसे एकट्याने हिंडता येत नाही. चीनचा तात्पुरता वाहनपरवाना आणि गाडीसाठी तात्पुरती पाटी घ्यावी लागते, शिवाय सोबत वाटाड्याही असावा लागतो. एकट्याने जग फिरायला निघालेल्या स्वारालाही येथे सोबतीने जाणे भाग पडते, ही गंमतच म्हणावयाची.

निसर्गही सीमा बंद करतो. ८ जुलै २०२५ रोजी नेपाळ-तिबेट सीमेवरील भोटेकोशी नदीला अकस्मात मोठा पूर आला आणि रसुवागढी येथील दोन देशांना जोडणारा मैत्री पूल वाहून गेला. आदल्या दिवशी तेथून गेलेला प्रवासी पार झाला. दुसऱ्या दिवशी आलेल्याला नदीच्या अलीकडेच थांबावे लागले.

या सीमेवर आणखी एक बदल होतो. भारत आणि नेपाळ येथे वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात, चीनमध्ये उजवीकडून. सरळ रस्त्यावर याची सवय लवकर होते. धोका असतो तो सकाळी विश्रांतिगृहातून बाहेर पडताना आणि चौकात वळताना. मन झोपेत असते आणि हात जुन्या सवयीने गाडी डावीकडे नेतो. पुढे संपूर्ण मध्य आशिया, रशिया आणि युरोप ओलांडेपर्यंत उजवी बाजू सुटत नाही. फ्रान्समधून आगगाडीत गाडी चढवून समुद्राखालच्या पन्नास किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून इंग्लंडात उतरले, की पुन्हा डावी बाजू! महाराष्ट्रातून लंडनला गेलेला स्वार अशा रीतीने जेथे सुरुवात केली त्याच बाजूला येऊन थांबतो.

गाडीलाही प्रवास सोपा नसतो. तिबेटातील रस्ते पाच हजार मीटरहून उंच खिंडींतून जातात. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. इंजिनाला पेट्रोल जाळण्यासाठी प्राणवायू लागतो. तोच निम्मा झाला, की गाडीचा जोरही उतरतो. जुन्या गाड्यांत पेट्रोल पूर्वीइतकेच येत राही आणि हवा अपुरी पडे, त्यामुळे इंजिन काळा धूर ओकून गुदमरे. आजच्या गाड्यांतील यंत्रणा हवेचा दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करते. धूर थांबतो, परंतु गेलेली शक्ती परत येत नाही. स्वाराचीही तीच गत. गाडीची चढण आणि आपली धाप, दोन्ही एकाच कारणाने. पुढे उझबेकिस्तानात गेले, की पंपावर कमी प्रतीचे पेट्रोल सर्रास मिळते आणि इंजिन ठोके देऊ लागते. साखळीला वेळच्या वेळी तेल देणे, चाकातील हवा पाहणे, पंक्चर स्वतः काढणे, क्लचची जादा तार जवळ बाळगणे ही कामे ज्याला येत नाहीत त्याने मोठ्या प्रवासाला निघूच नये.

गाडी आडवी पडली, तर? पावणेदोनशे किलो वजनाची गाडी आणि तिच्यावरचे सामान एकट्याने उचलायचे कसे, हा निर्जन माळावर मोठाच प्रश्न असतो. प्रथम सामान उतरवायचे. गाडी उजव्या अंगावर पडली असेल, तर उचलण्याआधीच तिचा डावीकडचा पाय उघडून ठेवायचा आणि ती गिअरमध्ये टाकायची, म्हणजे उभी राहिल्यावर ती पलीकडे कोसळत नाही की घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून, बैठकीला कंबर टेकवून, एक हात मुठीवर व दुसरा मागच्या दांडीवर ठेवून पायांच्या बळाने मागे मागे रेटत जायचे. हातांनी ओढून गाडी उठत नाही, कंबर मात्र मोडते.

एवढी यातायात करून लोक जातात, आणि आजच नव्हे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांच्यापैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर अंतर तोडून १८ मार्च १९२८ रोजी परतले. रॉबर्ट फुल्टन हा अमेरिकन तरुण १९३२ साली लंडनहून मोटारसायकलीवर एकटाच निघाला आणि तुर्कस्तान, इराक, भारत, चीन या देशांतून जपानला पोहोचला. खराब रस्त्यांसाठी त्याने गाडीला मोटारीचे टायर बसवून घेतले होते. १९७३ साली फ्रान्समधील ॲन-फ्रान्स दोतव्हिल या महिलेने एकटीने मोटारसायकलीवर जगाची फेरी केली. विशाखापट्टणमच्या भारद्वाज दयाला यांनी २००६-०७ मध्ये भारतात बनलेल्या मोटारसायकलीवरून एकट्याने सुमारे ४७ हजार किलोमीटरचा जगप्रवास केला. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ साली मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मोटारसायकलीवर जगप्रवासाला निघाल्या, त्या नऊवारी लुगडे नेसून. पाहणाऱ्यांना याचे नवल वाटले. परंतु कासोट्याचे लुगडे नेसून आपल्याकडच्या स्त्रिया घोड्यावर बसत आल्या आहेत. मोटारसायकलीवर ते गैरसोयीचे ठरण्याचे कारण नाही.

सातारा जिल्ह्यातील योगेश आळेकरी हे मे २०२५ मध्ये मुंबईहून लंडनला निघाले. नेपाळ, चीन, मध्य आशिया, रशिया आणि युरोप असा त्यांचा मार्ग होता. गाडी ज्या जातीची होती, त्या गाड्या पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होतात. बर्फ, वाळवंट, अनोळखी लिपीतील पाट्या या सर्वांतून सतरा देश आणि सुमारे २४ हजार किलोमीटर पार करून ते इंग्लंडात पोहोचले. ज्या मुलखाला ‘अवघड’ म्हणतात तो सुखरूप संपला होता. ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅम शहरातील वोलटन पार्क या बागेजवळ भर दिवसा त्यांनी गाडी लावली आणि थोड्या वेळाने परत येऊन पाहिले, तो गाडी नाही! चोरट्यांनी कुलूप फोडून ती पळवली होती. गाडीवरच्या पेट्यांत पारपत्रासह महत्त्वाची कागदपत्रे, कॅमेरे, पैसे आणि कपडे होते. अंगावरच्या कपड्यांनिशी एक मनुष्य परक्या देशात उभा राहिला.

अशा प्रसंगी काय गमावले जाते याची कल्पना वर सांगितलेल्या कागदांवरून येईल. पारपत्र नाही, म्हणजे आपण कोण हे सिद्ध करता येत नाही. त्यासाठी आपल्या देशाच्या वकिलातीत धाव घ्यावी लागते. पोलिसांचा दाखला नाही, तर विमा नाही. कार्नेटवर शिक्का घेऊन आत आणलेली गाडी चोरीला गेली, तर ती कागदावर त्या देशातच राहते. चोरी सिद्ध करण्याचा भार प्रवाशावर येतो आणि तेवढ्याने प्रत्येक देशाचे समाधान होतेच असे नाही. म्हणून जाणते प्रवासी कागदांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवतात: एक गाडीवर, एक अंगावर आणि एक घरी. मूळ पारपत्र आणि थोडे पैसे कमरेच्या पट्ट्यात असावेत, गाडीच्या पेटीत नव्हे, असे ते सांगतात. दमलेल्या माणसाला मात्र सुरक्षित वाटणाऱ्या ठिकाणीच याचा विसर पडतो.

आळेकरींची हकिगत वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर आली. त्या परगण्यातील एका दुचाकी विक्रेत्याने ती ऐकली आणि त्यांना दुसरी मोटारसायकल देऊ केली. एकाच जिल्ह्यात गाडी नेणारेही भेटले आणि देणाराही.

एकट्या स्वाराचे पुष्कळसे दिवस असे अनोळखी माणसांवरच चालतात. चार मोटारी एकत्र गेल्या, तर त्यांतील लोक एकमेकांशी बोलतात. एकटा गेला, तर त्याला दुसऱ्याशी बोलावेच लागते. भाषा येत नसली, तरी हाताने पेट्रोल ओतल्याची, डोळे मिटून झोपल्याची खूण सगळीकडे कळते. लिपीचे मात्र शिकून घ्यावे लागते. रशियन लिपीत ‘र’ हा ध्वनी इंग्रजीतील ‘पी’सारख्या दिसणाऱ्या अक्षराने लिहितात आणि ‘न’ हा ‘एच’सारख्या. ही दोनच अक्षरे ठाऊक असली, तरी ‘रेस्तोरान’ ही पाटी ओळखता येते आणि उपाशी राहावे लागत नाही. आफ्रिकेतील कित्येक देशांत पीतज्वराची लस टोचल्याचे पिवळे कार्ड दाखवावे लागते. ते घरून निघतानाच करून घेतलेले बरे.

प्रवास संपला, तरी काम संपत नाही. परत आल्यावर गाडी मायदेशी पोहोचल्याची नोंद सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून करून घ्यायची आणि कार्नेटची वही मुंबईच्या कार्यालयास परत करायची. तोपर्यंत तिचे कोपरे दुमडलेले असतात, एखाद्या पानावर पावसाचा डाग, एखाद्यावर चहाचा. कारकून एकेक स्थळप्रत उलटून दोन-दोन शिक्के जुळवून पाहतो. सर्व जुळले, की तो तसे लिहून देतो. त्यानंतरच बँकेत अडकलेले पैसे सुटतात.